शोकाच्या लाटेवर चढलेला विश्वास

प्रश्न असा आहे: देशावर मोठा आघात झाला, मग तो हल्ला असो, दुर्घटना असो वा नैसर्गिक आपत्ती, तर त्यानंतर लोकांचा सरकारवरचा आणि एकमेकांवरचा विश्वास वाढतो की घटतो? माणसं दुसऱ्याचं ऐकून घ्यायला जास्त तयार होतात की कमी? आणि प्रशासनात, माध्यमांत किंवा जनमत चाचण्यांत काम करणाऱ्यांनी या काळात नेमकं काय करावं?

आधी एक गाठ सोडवू. विश्वास आणि मनाचा मोकळेपणा ही जोडगोळी आहे, एक वाढला की दुसराही वाढतो, असं धरून बहुतेक चर्चा चालतात. प्रत्यक्षात आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे दोन काटे बऱ्याचदा उलट दिशांना फिरतात. विश्वास वर चढतो आणि नेमका तेव्हाच वेगळं मत ऐकून घ्यायचा धीर संपतो. त्यामुळे दोन्ही वेगवेगळे मोजायचे, आणि एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

सगळ्यात बारकाईने मोजलं गेलेलं उदाहरण ११ सप्टेंबर २००१ चं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी संपलेल्या गॅलपच्या चाचणीत अध्यक्ष बुश यांच्या कामाला पसंती देणारे ५१ टक्के होते. १४-१५ सप्टेंबरला ते ८६ झाले, २१-२२ सप्टेंबरला ९०. गॅलपने मोजलेल्या कुठल्याच अध्यक्षाला याहून जास्त पसंती मिळालेली नाही. पंधरा दिवसांत ३९ अंकांची चढण, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी कारभारात असं काही करून दाखवलेलं नव्हतं की ज्याने निम्मा देश मत बदलेल. बदलला तो प्रश्नाचा अर्थ. चाचणीवाल्याने विचारलं ‘अध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे का’, ऐकणाऱ्याला ऐकू आलं ‘तुम्ही देशाच्या बाजूने आहात ना’. या प्रश्नाला नाही कोण म्हणणार?

सरकारी यंत्रणेवरच्या विश्वासाचंही तेच झालं. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं मानणारे त्या वर्षाच्या सुरुवातीला साधारण ३० टक्के होते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ६० टक्के झाले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातले २२ अंक उतरलेही. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० मध्येच या प्रकाराचं वर्णन ‘झेंड्याभोवती गोळा होणं’ असं केलं होतं. त्यांच्या मांडणीत त्यासाठी काही अटी लागतात: घटना आंतरराष्ट्रीय हवी, देशाचा तिच्याशी थेट संबंध हवा, आणि ती ठळक, नाट्यमय, एका ठिकाणी बोट ठेवता येईल अशी हवी. हळूहळू वाढत जाणाऱ्या संकटाला ही लाट सहसा येत नाही. सरकारांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: हा उसना विश्वास आहे. तो परत करावाच लागतो. त्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या जोरावर काय करून घेतलं, यावर परतफेडीचं व्याज ठरतं.

आता मोकळेपणाकडे. इथे नवख्या अभ्यासकांची हमखास चूक होते ती सरासरी पाहून निष्कर्ष काढण्याची. प्यू संस्थेच्या चाचण्यांत अमेरिकी मुस्लिमांबद्दल चांगलं मत असणारे मार्च २००१ मध्ये ४५ टक्के होते आणि नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर, ५९ टक्के. वाढले, कमी नाही झाले! आणि त्याच वर्षी एफबीआयच्या नोंदींत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना आदल्या वर्षीच्या २८ वरून ४८१ वर गेल्या. दोन्ही आकडे खरे आहेत. सरासरी माणूस थोडा मवाळ झाला, आणि टोकाला असलेल्या मूठभरांना हात उचलायला निमित्त मिळालं. रस्त्यावरून चालणाऱ्या अल्पसंख्याक माणसाला सरासरी भेटत नाही, त्याला त्या टोकाचा एखादा भेटतो.

सरासरी मवाळ का झाली, याचं उत्तरही त्या काळातल्या तारखांमध्ये आहे. १७ सप्टेंबरला बुश स्वतः वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि हल्लेखोर म्हणजे हा धर्म नव्हे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. झेंड्याभोवती जमलेली गर्दी झेंडा धरणाऱ्याचं ऐकते, आणि नोव्हेंबरच्या चाचणीत सर्वांत मोठी वाढ त्यांच्याच पक्षाच्या पुराणमतवादी गटात दिसली. लाट ओसरल्यावर काय झालं? इतर धर्मांपेक्षा इस्लाम हिंसेला जास्त चिथावणी देतो असं म्हणणारे मार्च २००२ मध्ये २५ टक्के होते, जुलै २००३ मध्ये ४४. म्हणजे मनं मिटण्याचा मोठा टप्पा हल्ल्याच्या धक्क्यात आला नाही. तो नंतरच्या दीड-दोन वर्षांच्या राजकीय बोलण्यात आला. आघाताचा परिणाम म्हणून जे मोजलं जातं, त्यातलं बरंचसं आघातानंतरच्या भाषेचा परिणाम असतो.

भीती आणि राग एकाच पोत्यात भरू नयेत, हेही त्या काळातल्या संशोधनाने नीट दाखवलं. घाबरलेला माणूस धोका जास्त मोजतो, सावध होतो, माहिती शोधतो आणि समेटाच्या उपायांना तुलनेने राजी असतो. रागावलेला माणूस धोका कमी मोजतो, त्याला आपल्याला सगळं कळलंय असं वाटतं, आणि त्याला शिक्षा हवी असते, लवकर हवी असते. मन बंद होण्याशी जास्त जवळचं नातं रागाचं आहे. नेत्याने पहिल्या भाषणात लोकांच्या भीतीला हात घातला की रागाला, यावरून पुढचे सहा महिने कसे जाणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मोकळेपणा चटकन जोखायचा असेल तर मी एक साधं परिमाण सुचवीन: एकाकी विरोधी मताचं काय होतं ते बघा. १४ सप्टेंबर २००१ ला लष्करी कारवाईचे अधिकार देणारा ठराव अमेरिकी सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ ने मंजूर झाला. तो एक नकार बार्बरा ली यांचा. त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण द्यावं लागलं. पण पुढच्या निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघाने त्यांना सहज निवडून दिलं. ठरावानंतरच्याच महिन्यात, ऑक्टोबर २००१ मध्ये, सरकारचे पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रियट कायद्याला सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मतं पडली, तो एक रस फाइनगोल्ड यांचा, आणि तेही २००४ मध्ये पुन्हा जिंकले. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्च हल्ल्यात ५१ जण मारले गेले आणि महिन्याच्या आत, १० एप्रिलला, बंदूक कायद्यातली दुरुस्ती ११९ विरुद्ध १ ने संमत झाली. यातला कुठला ठराव बरोबर होता हा मुद्दा वेगळा. एकटा नकार सभागृहात बोलू शकतो का, त्याचं बोलणं बातमीत पूर्ण येतं का की फक्त त्याची निंदा येते, आणि वर्षभराने तो माणूस सार्वजनिक जीवनात आहे का, या तीन गोष्टींची नोंद ठेवा. प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांपेक्षा त्या जास्त सांगून जातात.

‘कोणी केलं’ हे कोण ठरवतं

विश्वास चढेल की कोसळेल हे मुख्यतः एका प्रश्नावर ठरतं: लोक दोष कोणाच्या पदरात घालतात? दोषी बाहेरचा असेल तर लोक सरकारच्या पाठीशी उभे राहतात. निष्काळजीपणा आपल्याच यंत्रणेचा असेल तर विश्वास पहिल्या दिवसापासून घसरतो. नैसर्गिक आपत्तीत सुरुवातीला सहानुभूती असते, पण मदत उशिरा पोचली किंवा इमारत नियम मोडून बांधली होती असं कळलं की ती आपत्ती रातोरात निष्काळजीपणाच्या गटात जाते. सरकारांना हे उपजत कळतं. म्हणून घाईघाईने बाहेरच्याकडे बोट दाखवायचा मोह होतो, आणि नेमका तिथेच पाय घसरतो.

माद्रिदचे तीन दिवस याचा वस्तुपाठ आहेत. ११ मार्च २००४ च्या सकाळी चार उपनगरी गाड्यांत १० स्फोट झाले, १९० हून अधिक माणसं मेली. रविवारी, १४ मार्चला, सार्वत्रिक निवडणूक होती. स्फोटांच्या दिवशी दुपारी गृहमंत्र्यांनी हे काम एटा या बास्क संघटनेचं असल्याचं ठामपणे सांगितलं. त्याच दिवशी अल्काला दे एनारेस स्थानकाजवळ एका गाडीत स्फोटकांचे डेटोनेटर आणि कुराणपठणाची टेप सापडली होती. तरी सरकारचा मुख्य रोख एटावरच राहिला. शनिवारी मोरोक्कन संशयितांना अटक झाली आणि संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयाबाहेर लोक ‘खरं काय ते सांगा’ म्हणत जमले. रविवारी मतदान २००० च्या ६८.७ टक्क्यांवरून ७५.७ टक्क्यांवर गेलं आणि समाजवादी पक्षाने १६४ विरुद्ध १४८ जागांनी बाजी मारली. केवळ लपवाछपवीने निकाल फिरला असं म्हणणं अतिसुलभ होईल, इराक युद्धाला स्पेनमध्ये आधीपासूनच मोठा विरोध होता. पण सुरुवातीचा अंदाज चुकणं ही इथली अडचण नव्हती. एटाचा संशय त्या सकाळी अनेकांना आला होता. अंदाज ‘अंदाज’ म्हणून सांगितला नाही आणि नवा पुरावा आल्यावर तेवढ्याच ठळकपणे मागे घेतला नाही, हे महागात पडलं.

फुकुशिमाची गोष्ट याहून बारीक आहे, कारण तिथे एका शब्दाचा प्रश्न होता. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर अणुभट्ट्यांचा गाभा वितळल्याची कबुली द्यायला टोक्यो इलेक्ट्रिक कंपनीला मे महिना उजाडला. तोवर ‘गाभ्याचं नुकसान’ असे मोघम शब्द वापरले गेले. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, बाहेर आलं की गाभ्याचं ५ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर त्याला ‘वितळणं’ म्हणायचं हा निकष कंपनीच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत होता, आणि तो शब्द वापरू नका अशी सूचना तेव्हाच्या अध्यक्षांनी दिली होती. किरणोत्साराच्या प्रसाराचा अंदाज बांधणारी सरकारी प्रणाली होती, पण तिची माहिती वेळेत लोकांपर्यंत गेली नाही. नामिए गावातले लोक घरं सोडून ज्या त्सुशिमा भागात गेले तो किरणोत्सारी ढगाच्याच वाटेत होता. घबराट होईल म्हणून माहिती रोखली, हे समर्थन अशा प्रत्येक वेळी ऐकू येतं. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून पुनःपुन्हा दाखवलंय की सर्वसामान्य लोकांत सरसकट घबराट क्वचितच होते, माणसं शेजाऱ्याला धरून, बऱ्यापैकी शिस्तीत वागतात. घाबरतात ते वरचे.

दक्षिण कोरियाच्या सेवोल जहाजावर, १६ एप्रिल २०१४ ला, प्रवाशांना ‘जागचे हलू नका’ अशा सूचना ध्वनिक्षेपकावरून मिळत राहिल्या. बहुतेक शाळकरी मुलांनी त्या पाळल्या. कप्तान निघून गेला. ३०४ माणसं गेली, आणि पहिल्या तासांत ‘सगळे विद्यार्थी वाचले’ ही खोटी बातमी वाहिन्यांवर फिरली. ‘जागचे हलू नका’ हेच वाक्य पुढे निदर्शनांच्या फलकांवर आलं. आज्ञापालनानेच मुलं गेली असं वाटलं की त्या समाजात ‘अधिकारी सांगतोय म्हणजे बरोबर असेल’ हा साधा रोजचा विश्वास तुटतो, आणि तो मंत्री बदलून किंवा तटरक्षक दल बरखास्त करून (तिथे तेही केलं, आणि २०१७ मध्ये दल परत उभं केलं) सांधत नाही.

पहिले ७२ तास

इथे काय करायचं याची यादी जगभरच्या आपत्कालीन संवादाच्या पुस्तिकांत आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची सहा सूत्रं प्रसिद्ध आहेत: आधी सांगा, बरोबर सांगा, विश्वासार्ह राहा, सहानुभूती दाखवा, लोकांना करण्याजोगं काही द्या, आदर राखा. सूत्रं चांगली आहेत. घोळ होतो तो पहिल्या दोघांच्या भांडणात, कारण आधी सांगायचं तर पूर्ण बरोबर सांगता येत नाही. यातून वाट काढायची ती निवेदनाच्या घडणीतून. प्रत्येक निवेदनात चार भाग असावेत, याच क्रमाने: आम्हाला खात्रीने काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कळण्यासाठी काय चाललं आहे, पुढचं निवेदन किती वाजता. चौथा भाग सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा. सहा वाजता सांगू म्हटलं तर नवीन काही नसलं तरी सहाला उभं राहून ‘नवीन काही नाही’ असं सांगायचं. दिलेली वेळ पाळणं हा त्या गोंधळात यंत्रणेला करून दाखवता येणारा सगळ्यात स्वस्त खरेपणा आहे. रिकाम्या वेळेत अफवा शिरते.

मृतांचा आकडा हा दुसरा सापळा. आकडा कधीच सुटा देऊ नये. ‘दुपारी ४ पर्यंत, रुग्णालयांनी खात्री केलेले इतके मृत, बेपत्ता म्हणून नोंद झालेले इतके, बेपत्तांच्या यादीत एकच नाव दोनदा असू शकतं’ असं म्हणा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या महापौरांनी पहिल्या दिवशी मृतांच्या संख्येचा अंदाज द्यायचं टाळलं. नंतर बेपत्तांच्या याद्यांमुळे आकडा ६ हजारांवर गेला आणि महिनोन्महिने छाननी होऊन शेवटी सर्व ठिकाणचे मिळून २,९७७ बळी निश्चित झाले. आकडा निम्म्याहून खाली आला, तरी कोणी लपवालपवीची बोंब मारली नाही, कारण याद्या कशा गाळल्या जात आहेत हे दिसत होतं. आकडा कमी-जास्त होणं लोक समजून घेतात. काल ठणकावून सांगितलेला आकडा आज कारण न देता बदललेला दिसला, की मग मात्र पुढची प्रत्येक गोष्ट संशयाच्या चष्म्यातून पाहिली जाते.

अफवेचं खंडन करताना अफवा मथळ्यात घालू नका. आधी खरी गोष्ट, मग एकदाच अफवेचा उल्लेख आणि ती का चूक आहे, आणि शेवटी परत खरी गोष्ट. एखाद्या समाजगटावर रोख असलेल्या अफवेला मात्र तासाभरात उत्तर द्यावंच लागतं. जपानमधल्या १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत अशी आवई उठली. पोलीस आणि वर्तमानपत्रांनीही ती काही प्रमाणात पुढे नेली, आणि टोळ्यांनी हजारो कोरियनांना ठार मारलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २२ जुलै २०११ ला ओस्लोत स्फोट झाल्यावर हल्लेखोर कोण हे कळायच्या आधीच्या काही तासांत तिथे मुस्लिम दिसणाऱ्यांना त्रास दिला गेला. हल्लेखोर नॉर्वेजियन निघाला, आणि तो अतिउजवा होता.

नॉर्वेचं पुढचं वर्तन मात्र अभ्यासण्याजोगं आहे. त्या दिवशी ७७ माणसं मेली, ८ ओस्लोत आणि ६९ उतोया बेटावर, बहुतेक तरुण. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी पहिल्या दिवसांत उत्तर म्हणून अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा आणि माणुसकी यांची भाषा केली, भाबडेपणा नको हे जोडून. त्या उन्हाळ्यातल्या सर्वेक्षणांत लोकांचा संस्थांवरचाच नव्हे, एकमेकांवरचा विश्वासही वाढलेला दिसला. हे सगळीकडे जमतं असं नाही. नॉर्वेत मुळातच विश्वासाची पातळी जगातल्या सर्वांत उंच पातळ्यांपैकी होती, आणि आघात बहुतेक वेळा जे आधी होतं तेच ठळक करतो.

चौकशी: खरी परीक्षा इथे

लाट ओसरल्यावर, साधारण सहा महिन्यांपासून पुढे, विश्वासाचा दुसरा आणि टिकाऊ निकाल लागतो. तो चौकशीवर ठरतो. नॉर्वेच्या स्वतंत्र आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये, तेरा महिन्यांत, सरळ लिहिलं की सरकारी इमारतीवरचा हल्ला टाळता आला असता आणि पोलीस हल्लेखोरापर्यंत लवकर पोचू शकले असते. त्याच आठवड्यात पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला.

याच्या उलट टोकाला हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली, त्यात ९७ जण गेले. मैदानाचं फाटक पोलिसांनीच उघडायला लावलं होतं. प्रेक्षकांनी ते जबरदस्तीने उघडलं असं सांगितलं गेलं. चार महिन्यांत आलेल्या न्यायमूर्तींच्या अंतरिम अहवालाने मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणावर ठेवला होता, तरी प्रेक्षकांना दारूबाज ठरवणारी कथा मरेना. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले तेव्हा कळलं की पोलिसांच्या १६४ जबान्यांत मोठे बदल केले होते, आणि त्यातल्या ११६ मधून पोलीस व्यवस्थेवर टीका करणारा मजकूर काढला किंवा बदलला होता. जरा जवळून पाहा: हवालदार लिहितो की वरून हुकूम येत नव्हते, कोणाचं कोणाला कळत नव्हतं. तपासणीतून परत आलेल्या कागदावर ते वाक्य नसतं. खोटं काही घातलेलं नाही, फक्त खरं उचललंय. हे बेकायदेशीर मृत्यू होते असा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल लागलं. सत्तावीस वर्षं. एका वर्तमानपत्राने प्रेक्षकांवर केलेल्या आरोपांमुळे लिव्हरपूल शहरातल्या कित्येक लोकांनी त्या पत्रावर टाकलेला बहिष्कार अजून उठलेला नाही.

आयोग नेमताना बघायचं ते एवढंच: नेमणूक करणारा स्वतः चौकशीच्या कक्षेत येतो का, साक्षीदाराला बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार आहे का, मूळ जबान्या आणि सुधारित जबान्या दोन्ही जपायचं बंधन आहे का (हिल्सबरोचा धडा), अंतरिम अहवालाची तारीख आधीच जाहीर आहे का, आणि शिफारशी मान्य, अंशतः मान्य, अमान्य असा तक्ता सहा-सहा महिन्यांनी प्रसिद्ध होणार का. शेवटचं नसेल तर उत्तम अहवालही फडताळात जातो. आणि चौकशी राजकीय पक्षांच्या हातात गेली की तिचं काय होतं ते पोलंडमध्ये दिसतं: १० एप्रिल २०१० ला स्मोलेन्स्कजवळ राष्ट्राध्यक्षांसह ९६ जणांचं विमान पडलं, सुरुवातीला अख्खा देश एकत्र शोकात होता, आणि पुढे अपघात की घातपात हाच प्रश्न पक्षाची ओळख बनला. तिथे नवा पुरावा कोणाचंच मत हलवेना.

लाटेच्या भरात केलेल्या कायद्यांबद्दल एक सूचना. आपोआप रद्द होण्याची तारीख घाला, पण ती विश्वास खाली उतरून स्थिरावल्यानंतरची असू द्या. सरकारवर ज्यांचा विश्वास जास्त तेच स्वातंत्र्य सोडायला जास्त तयार असतात, हे संशोधनात पक्कं झालेलं आहे. म्हणजे लाटेतच फेरविचार ठेवला तर तो फेरविचार नव्हेच. आणि तारीख घालूनही काम भागत नाही. पेट्रियट कायद्याच्या १६ कलमांना २००५ अखेरची मुदत होती, २००६ मध्ये त्यातली १४ कायमची झाली.

मोजायचं कसं

सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी आता थोडं तांत्रिक. आघातानंतर घाईने नवी प्रश्नावली बनवू नका, जुन्या मालिकेतले शब्द अक्षरशः तसेच ठेवा. तुलनेला दुसरा आधार नसतो. १,००० जणांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा साधारण ३ अंक. पण अशा दोन चाचण्यांतला फरक खरा मानायचा तर तो ४ ते ५ अंकांचा हवा, दोन्हींची त्रुटी एकत्र येते. ‘विश्वास ३ अंकांनी वाढला’ या मथळ्याला म्हणून काडीचाही अर्थ नाही. अल्पसंख्य गटाचे १,००० मध्ये १०० जण आले तर तिथली त्रुटी १० अंकांच्या आसपास जाते. त्यांचं स्वतंत्र मत सांगायचं तर निदान ४०० जणांचा वेगळा नमुना घ्या, तेव्हा कुठे ती ५ वर येते. हा खर्च सगळे टाळतात, आणि मग ‘लोकांचा एकमेकांवरचा विश्वास वाढला’ या वाक्यात ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातंय ते लोक नसतातच.

सहिष्णुता मोजताना एखाद्या गटाचं नाव घेऊन विचारलं तर त्या गटाबद्दलचा राग-लोभ मोजला जातो. त्यापेक्षा आधी उत्तर देणाऱ्यालाच त्याचा सर्वांत नावडता गट निवडू द्यावा, आणि मग विचारावं: या गटाला जाहीर सभा घेऊ द्यावी का, त्यांच्यातल्या कुणाला शाळेत शिकवू द्यावं का, निवडणूक लढवू द्यावी का, त्यांचे फोन चोरून ऐकावेत का. भीती आणि रागाचे प्रश्न वेगळे ठेवावेत आणि ते विश्वासाच्या प्रश्नांनंतर विचारावेत, आधी नाही. आधी विचारले की आघाताची आठवण ताजी होऊन पुढची सगळी उत्तरं रंगतात.

सगळ्यात शुद्ध पुरावा योगायोगाने मिळतो: सर्वेक्षण चालू असतानाच घटना घडते आणि आधीच्या-नंतरच्या मुलाखतींची तुलना करता येते. युरोपियन सोशल सर्व्हेची पहिली फेरी चालू असताना, १२ ऑक्टोबर २००२ ला, बालीत स्फोट झाले आणि २०२ माणसं मेली. त्या मुलाखती तपासल्यावर दिसलं की स्थलांतरितांबद्दलचं मत काही देशांत बिघडलं, काही देशांत नाही. बेरोजगारी जास्त असलेल्या भागांत जास्त बिघडलं, आणि स्थलांतरितांशी रोजचा संबंध असलेल्यांचं कमी. असा योग आला तर एक खबरदारी घ्यावी. जे आधी भेटले ते सहज भेटणारे होते आणि नंतरचे मुश्किलीने सापडणारे, त्यामुळे दोन्ही गट मुळातच सारखे नसतात. वय, शिक्षण, भाग आणि किती खेपांत माणूस भेटला याचा हिशेब धरल्याशिवाय तुलना करू नका.

फेऱ्या किती? पहिली दोन आठवड्यांच्या आत, दुसरी तीन महिन्यांच्या सुमारास, तिसरी वर्षाने. वर्षाची फेरी स्मृतिदिनाच्या आठवड्यात नको, त्या आठवड्यात वाहिन्यांवर तीच दृश्यं परत चालू असतात आणि लाट पुन्हा थोडी चढते. अकराव्या किंवा तेराव्या महिन्यात घ्या. चौथी फेरी चौकशी अहवालानंतर, आणि तिच्यात एक जास्तीचा प्रश्न घाला: ‘या घटनेच्या कारणाबद्दल तुमचं मत बदलेल अशी कुठली माहिती असू शकते?’ पर्याय देऊ नका, मोकळी ओळ ठेवा. किती जण काही लिहितात आणि किती जण ‘कुठलीच नाही’ एवढंच लिहितात, हा आकडा पहिल्या पानावर छापा.